पिंपाखालची कोरडी जमीन

आग विझली. डनलॅपच्या तबेल्याचं छत आत कोसळलं होतं, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. काळ्या तोंडांची माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत दारूच्या दुकानाकडं निघाली, तेव्हा केंडल्स बेंड शहराचा महापौर ओबेद ट्रस्क तबेल्यामागच्या गल्लीत गेला. तिथं त्याचं काही काम नव्हतं. बायको गेल्यापासून त्याला घोळक्यात उभं राहवत नसे, एवढंच.

गल्लीत आगीचा दुसरा नळ होता. पुढच्या नळावरच भागलं होतं, त्यामुळं हा कुणी उघडलाच नव्हता. त्याच्यावर एक रिकामं पिंप पालथं घातलेलं होतं.

त्यात नवल काही नव्हतं. शहरात बंबवाल्यांच्या दोन कंपन्या, तीन नंबर आणि पाच नंबर. दोन्ही हौशी, पगार कुणालाच नाही. घंटा झाली की दोघींना एकच ध्यास, नळाला आपली नळी आधी लागली पाहिजे. म्हणून बंब ओढणाऱ्यांच्या पुढं एक दांडगा गडी पळत जाई, वाटेतल्या कुठल्याही दुकानासमोरचं पिंप उचली, नळावर पालथं घाली आणि त्यावर बूड टेकून बसे. आपला बंब येईपर्यंत जो उठवायला येईल त्याच्याशी मारामारी. तिकडं घर जळे आणि इकडं नळापाशी दात पडत. ओबेदनं स्वतःचे दोन असेच घालवले होते.

ओबेद मूळचा पिंपं बनवणारा. तिसऱ्यांदा महापौर झाला तरी रोज सकाळी तासभर तो आपल्या कारखान्यात रंधा मारल्याशिवाय राहत नसे. सवयीनं त्याचा हात पिंपाकडं गेला. फळ्या बाहेरून ओल्या होत्या. दुपारी एकच्या सुमारास चांगली अर्धा तास सर येऊन गेली होती. आतून फळ्या कशा बसवल्या आहेत ते बघावं म्हणून त्यानं पिंप उचललं.

खालची फरशी कोरडी होती.

सगळी गल्ली ओली, विटांच्या फटींत पाणी साचलेलं, आणि मधोमध पिंपाच्या तोंडाएवढं गोल धुळीसकट कोरडं. धुळीत मेपलचं एक वाळकं पान होतं. त्यानं ते बोटांत घेतलं, तर त्याचा चुरा झाला.

पाऊस एकला पडला. आगीची घंटा साडेतीनला झाली. आणि पिंप पावसाच्या आधीपासून इथं होतं.

ओबेदनं पिंप होतं तसं परत ठेवलं. ठेवल्यावर आपण ते असं घाईनं का झाकलं, हे त्याचं त्यालाच कळेना.

दारूच्या दुकानात तीन नंबरवाल्यांनी अर्धी जागा व्यापली होती. लाल सदरे, ओले बूट. ओबेदच्या दंडावर काळी फीत होती, म्हणून त्याला वाट देताना लोक जरा आवाज खाली करत, आणि तो पुढं गेला की पुन्हा चढवत. तो थोरला गस म्हणत त्या जाड्या गड्याशेजारी जाऊन टेकला. आज मागच्या नळावर गसच बसला होता.

"गस, पिंप कुठून उचललंस आज?"

"उचललं कुठं, मेयरसाहेब? तिथंच होतं. लेम पळता पळता म्हणाला, मागच्या गल्लीत पिंप आहे, त्यावर जाऊन बस. मी बसलो. असं काम असेल तर मी रोज बसेन, बायको कुठं बसू देते?"

सगळे हसले. ओबेदही हसला.

लेम हॅस्किन्स म्हणजे ओबेदचा मेव्हणा, त्याच्या गेलेल्या बायकोचा, लव्हिनाचा, धाकटा भाऊ, आणि तीन नंबरचा नाईक. हाच तेवढ्यात बाकावर चढला. अडतीस वर्षांचा झाला होता तरी चढला पोरासारखाच.

"गप्प बसा रे! आजचा पहिला घोट माझ्या बहिणीच्या नावानं. तुमच्यासारखे पन्नास गस एका पारड्यात आणि लव्हिना एका पारड्यात."

गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरी लेमनं ती सांगितली. एकवीस वर्षांपूर्वी मॉर्सची दोरखंडाची वखार पेटली. त्या साली पाच नंबरनं तीन नंबरला प्रत्येक आगीत मात दिली होती, आणि नाईक ओबेद ट्रस्कला काढून टाकायचं घाटत होतं. पाच नंबरचा जोथॅम क्रीड आपले सहा धटिंगण घेऊन नळापाशी पोचला, तर पिंपावर एक वीस वर्षांची मुलगी बसलेली. परकर चहूकडं पसरलेला. क्रीड म्हणाला, उठा बाई. ती म्हणाली, माझा पाय मुरगळलाय. आता बाईमाणसाच्या अंगाला हात कोण लावणार? सहाही जण टोप्या हातात घेऊन उभे राहिले. तेवढ्यात ओबेदची नळी आली.

"आणि वसंतात लग्न!" लेम ओरडला. "आणि त्या पाण्यावर आमचा ओबेद वाहत वाहत थेट नगरभवनात!"

प्याले वर गेले. ओबेदनंही आपला उचलला. त्याची नजर लेमच्या बुटांवर होती. बूट कोरडे की ओले, यावरून काही कळण्यासारखं नव्हतं, तरी तो बघत राहिला.

ऑगस्टपासूनची ही पाचवी आग. आधीच्या चार म्हणजे एक पडकं कोठार, दोन शेडी आणि नदीकाठची एक जुनी होडी. कुणाचं फारसं गेलं नव्हतं. पाचही वेळा तीन नंबर पहिली. आणि महिनाअखेर नगरसभेसमोर वाफेचा बंब घ्यायचा ठराव येणार होता. तो आला की चार पगारी माणसं आणि दोन घोडे बस्स, बाकीच्या लाल सदऱ्यांनी घरी बसायचं. या आगी लागू लागल्यापासून लोक म्हणू लागले होते, आपले बंबवाले आहेत म्हणून शहर वाचलं, हवंय कशाला ते वाफेचं धूड?

पण आजच्या आगीत कुणाचं तरी गेलं होतं. तबेल्याच्या माळ्यावर म्हातारा पेलेग पावसापासून आडोशाला जाऊन झोपला होता. चिंध्या गोळा करून विकणारा, एकटा जीव. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे दोन्ही हात भाजले होते.

रविवारी लेम जेवायला आला. लव्हिनाच्या माघारी तो दर रविवारी येई. ओबेदनं डुकराचं खारवलेलं मांस आणि घेवडा शिजवला होता. मक्याची भाकर एका बाजूनं करपली होती.

"करपलेली बाजू तुझ्याकडं वळवलीस," लेम म्हणाला. "महापौर झालास म्हणून काही लाज?"

"गावातले नगरसेवक मला विचारतायत, लेम. या आगी कोण लावतंय म्हणून."

"आणि तू काय सांगतोस?"

"मी सांगतो, शोधतोय."

"मग शोध. पाच नंबरच्या लोकांना विचार. त्यांना दुसरा उद्योग काय?"

"पाच नंबरनं आग लावावी आणि पहिलं पाणी तुम्ही मारावं? पाचही वेळा?"

"ते लावतातही कूर्मगतीनं," लेम म्हणाला आणि स्वतःच हसला.

ओबेदनं काटा खाली ठेवला. "पिंपाखालची जमीन कोरडी होती."

"कुठल्या पिंपाखालची?"

"मागच्या गल्लीतल्या. तू गसला ज्याच्यावर बसवलंस, त्या."

लेमनं भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, तो तिथंच मऊ होऊन सुटला. "एकट्याला करमत नाही हे ठाऊक होतं मला. आता पिंपं उचलून बघत हिंडतोस?"

"पाऊस एकला पडला, लेम."

"वाऱ्याचा पाऊस. एका अंगाला पडतो, एका अंगाला नाही."

"मी तीस वर्षं पिंपं बनवतोय. पिंप पावसात किती वेळ उभं होतं ते मला फळीला हात लावून सांगता येतं. ते तिथं सकाळपासून होतं. नळावर पिंप आधी आणि आग नंतर, असं फक्त ज्याला आग लागणार हे ठाऊक आहे त्याचंच होतं."

 बाहेर चर्चहून परतणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

"पेलेग तिथं आहे, हे मला ठाऊक नव्हतं," लेम म्हणाला.

ओबेदला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण संतापू. संताप आला नाही. बायको गेली त्या दिवशी डॉक्टर खोलीतून बाहेर आला, तेव्हा तो बोलायच्या आधीच जसं सगळं कळून चुकलं होतं, तसं काहीसं झालं.

"का, लेम?"

"का म्हणजे? चाळीस माणसं आहेत माझ्याकडं. आठवडाभर कुणी चामडं कमावतो, कुणी गोदीत ओझी उचलतो. त्यांना कोण ओळखतं? लाल सदरा घातला की ओळखतात. तुला कोण ओळखत होतं? आग नसेल तर बंबवाल्याला कुत्रंही विचारत नाही. तुझं निभावलं, आता दार लावून घेतोस होय?"

"मी उद्या ब्रॉडीकडं जाणार." ब्रॉडी शहराचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख होता.

"नाही जाणार तू."

"जाणार."

लेमनं ताट बाजूला सारलं. त्याचा चेहरा एकदम लव्हिनासारखा दिसला. ती खरं बोलायची तेव्हा तिची हनुवटी अशीच पुढं यायची, आणि तिला थट्टा करायची असली तरीही तशीच.

"मॉर्सची वखार कुणी पेटवली, माहीत आहे तुला?"

"कुणी नाही. भट्टीची ठिणगी उडाली."

"शनिवारी भट्टी बंद असायची. मी पेटवली. सतरा वर्षांचा होतो. आणि मला कुणी सांगितलं, ते विचार."

"विचारत नाही."

"लव्हिनानं. म्हणाली, लेम, चार वाजता. वखारीत कुणी नाही, मी बघून आले. तू बोळाच्या बाजूनं लाव आणि पळ. आणि स्वतः जाऊन पिंपावर बसली. घंटेच्या आधी, ओबेद. कोरडी जमीन म्हणतोस ना? तिच्या परकराखालची जमीन कुणी उचलून बघितली नाही."

ओबेद उठला. त्यानं दार उघडलं आणि उघडं धरून उभा राहिला.

लेमनं टोपी घातली. "तू कचेरीत बोललास, तर मीही बोलेन. सगळ्या गावासमोर. तुझी बायको आणि तुझं महापौरपण कशावर उभं आहे, ते ऐकू दे सगळ्यांना. मग बघू तिच्या थडग्यावर कोण फुलं ठेवतं ते."

तो गेल्यावर ओबेदनं ताटं घासली. लेम खोटं बोलतोय, हे त्यानं स्वतःला सांगितलं. गळ्याशी आलं की माणूस काहीही बोलतो. मेलेल्या बाईवर ढकलणं सगळ्यांत सोपं, ती कुठं उठून नाही म्हणणार?

पण ताट घासता घासता एकेक आठवू लागलं. ती पिंपाची गोष्ट लव्हिनानं स्वतः कधी सांगितली नव्हती. लोक सांगू लागले की ती कॉफी आणायला उठायची. त्याला वाटे, लाजते. आगीची घंटा झाली की ती हातातलं काम टाकून आधी विचारी, लेम कुठं आहे? ओबेद कुठं आहे, हे नंतर. त्याला वाटे, बहिणीची माया. वीसेक वर्षं तो ज्या बाईशेजारी झोपला, तिच्या प्रत्येक गोष्टीचे आता दोन अर्थ लागू लागले, आणि त्यातला बरा अर्थ धरून ठेवायला त्याला जोर लावावा लागू लागला. याबद्दल त्याला लेमचा जितका राग आला, तितका आगीबद्दलही आला नव्हता. त्याच्यापाशी तिची आठवण तेवढी उरली होती. तीही आता नीट हातात घेता येईना.

सोमवारी सकाळी तो कारखान्यात गेला नाही. नदीकाठी जोथॅम क्रीडच्या घरी गेला. एके काळचा पाच नंबरचा नाईक ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसला होता. वातानं पाय भोपळ्यासारखा सुजला होता.

"ट्रस्क! मत मागायला आलास की पाय बघायला? मत देणार नाही. पाय बघ हवा तर."

"एक जुनी गोष्ट विचारायची होती. मॉर्सच्या वखारीची."

"ती गोष्ट मी एकवीस वर्षं ऐकतोय. दर काही वर्षांनी तिच्यात माझा एकेक धटिंगण वाढतो. पहिल्यांदा तीन होते."

"तू नळापाशी पोचलास, तेव्हा घंटा होऊन किती वेळ झाला होता?"

क्रीडनं त्याच्याकडं बघितलं. तो म्हातारा झाला होता, पण बावळट झाला नव्हता. "आमचं ठाणं तिथून हाकेवर. आम्हीच पहिले असायला हवे होतो. पोचलो तर ही बसलेली."

"धापा टाकत होती?"

"तुझी बायको? छे. मोजा विणत होती."

ओबेदनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"राखाडी लोकरीचा मोजा," क्रीड म्हणाला. "वीतभर झाला होता. मी म्हटलं, बाई, गाव जळतंय आणि तुम्ही मोजे विणता? तर म्हणाली, माझा पाय मुरगळलाय, हात नाही." तो खदखदून हसला, पायात कळ आली तसा थांबला. "तेव्हाच मला वाटलं होतं, ही तुला पुरून उरेल. का रे? आज का विचारतोस?"

"सहज."

"सहज विचारायला कुणी ओसरी चढून येत नाही, ट्रस्क."

परतीच्या वाटेवर ओबेद मोज्याचाच विचार करत होता. घंटा ऐकून धावलेली बाई विणकाम घेऊन धावेल? वीतभर मोजा व्हायला किती वेळ लागतो? पण अर्धवट मोजा घरूनही आणता येतो. बायका पिशवीत मोजा घेऊनच हिंडतात. लव्हिना तर चर्चमधे सुद्धा घेऊन जायची. म्हणजे क्रीडला विचारूनही काही कळलं नाही. उलट आतापर्यंत लेमची जीभ तेवढी होती, आता तिला एक राखाडी मोजाही येऊन चिकटला.

मार्शलकडं जायच्या रस्त्यावरच निराधारांना ठेवायचा गरीबखाना होता. पेलेगला तिथं ठेवलं होतं. ओबेद आत गेला तेव्हा एक बाई त्याला चमच्यानं पातळ खिमट भरवत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, पांढऱ्या पोत्यांसारखे पांघरुणावर ठेवलेले.

"मेयर आलेत बघायला," बाई म्हणाली.

"माझ्या चिंध्यांची गाडी कुणी नेली काय?" पेलेगनं विचारलं.

"नाही. मी बघतो तिच्याकडं."

"डॉक्टर म्हणतो, बोटं वळायची नाहीत. मी म्हटलं, मला काही पियानो वाजवायचा नाही." तो थोडा वेळ छताकडं बघत राहिला. "पण चिंधी उचलायला दोन तरी लागतात हो, मेयरसाहेब. दोन तरी."

ओबेद तिथून निघाला तो सरळ मार्शल ब्रॉडीच्या कचेरीत गेला. उद्यावर टाकलं तर आपण पुन्हा जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या आगीत माळ्यावर कोण झोपलेलं असेल, हे लेमला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं.

ब्रॉडीनं सगळं ऐकून घेतलं. "तुमचा मेव्हणा आहे," तो म्हणाला.

"हो."

"तीन नंबरच्या मतांवर तुम्ही तीनदा निवडून आलात."

"ठाऊक आहे."

"मग मला एक सांगा, मेयरसाहेब. यात तुमचा फायदा काय?" ब्रॉडीनं डोळे बारीक केले. "फायद्याशिवाय आमच्याकडं असं कुणी येत नाही."

बुधवारी सकाळी लेमची सुनावणी होती. ओबेदला सदऱ्याच्या कॉलरची मागची गुंडी लागेना. ती लव्हिना लावायची. बोटं मागं नेऊन नेऊन खांदे दुखले, शेवटी तशीच सोडून तो निघाला.

एरवी अशा प्रकरणात पहिली सुनावणी महापौरच करी. त्या दिवशी त्यानं आपल्या खुर्चीवर म्हाताऱ्या न्यायाधीश ऑर्डवेला बसवलं आणि स्वतः साक्षीदाराच्या जागी उभा राहिला. कचेरी गच्च भरली होती. मागच्या भिंतीला लागून तीन नंबरची चाळीस माणसं लाल सदरे घालून उभी. पुढच्या बाकावर गरीबखान्याच्या बाईनं पेलेगला आणून बसवलं होतं.

ओबेदनं पिंपाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. रविवारी आपल्या जेवणाच्या टेबलावर लेम काय म्हणाला, तेही सांगितलं. वखारीचं सांगितलं नाही. ते सांगायचं काम लेमचं होतं, आणि तो ते करील अशी ओबेदला भीती होती.

"पिंपाखालची जमीन!" मागून कुणीतरी म्हणालं. "आता मेयरसाहेब कोंबड्यांखालीही बघणार!"

लोक हसले. ऑर्डवेनं हातोडी आपटली. "मिस्टर ट्रस्क, तुम्ही सांगता ते मी खोटं म्हणत नाही. पण एक कोरडी वीट आणि घरातलं बोलणं. एवढ्यावर मी माणूस कसा अडकवू?" तो लेमकडं वळला. "हॅस्किन्स, तुला काही बोलायचंय?"

"बोलायचंय," लेम म्हणाला आणि उठला.

ओबेदनं समोरच्या कठड्याला धरलं. तोंड उघडायच्या आधी लेमनं त्याच्याकडं बघितलं, चांगलं निरखून. मग त्याची नजर पुढच्या बाकावर गेली, त्या दोन पांढऱ्या गाठोड्यांवर. पेलेग त्याच्याकडं बघत नव्हता. नाकावर माशी बसली होती, तिला हाकलता येत नव्हतं म्हणून तो मान हलवत होता.

"मीच लावली," लेम म्हणाला.

 मागच्या भिंतीपाशी थोरला गस मोठ्यानं म्हणाला, "काय बोलतो हा?"

"डनलॅपची?" ऑर्डवेनं विचारलं.

"पाचही."

"का?"

"बंब गंजू नये म्हणून."

"दुसरं कुणी सामील होतं? आता, किंवा आधी कधी?"

ऑर्डवेनं हे सवयीनं विचारलं असावं. लेम खाली बघत राहिला. ओबेदला त्या कठड्याचा कानाकोपरा पुढं आयुष्यभर आठवत राहिला, लाकडात कुणीतरी चाकूनं कोरलेली दोन अक्षरं सुद्धा.

"नाही," लेम म्हणाला. "मी एकटाच."

बाहेर पडताना कुणी ओबेदशी बोललं नाही. चाळीस लाल सदरे रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभे होते, आणि त्यानं दारूच्या दुकानात तीस वर्षं ज्यांच्याशी प्याला भिडवला होता, त्यातला एक त्याच्या बुटाशेजारी थुंकला. संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी झाल्या होत्या. एकीत महापौरानं वाफेचा बंब विकणाऱ्या कंपनीसाठी सख्खा मेव्हणा विकला होता. दुसरीत दोघांनी मिळूनच आगी लावल्या होत्या आणि भांडण झाल्यावर मोठ्यानं धाकट्याला पुढं केलं होतं. दोन्ही ओबेदच्या कानावर आल्या. त्याच्या मनात तिसरीच गोष्ट होती, ती कुणाला ठाऊक नव्हती.

लेम वखारीबद्दल का गप्प राहिला?

बहिणीच्या नावासाठी राहिला असेल, तर ते खरं होतं. लव्हिनानं सांगितलं होतं, तीच घंटेच्या आधी जाऊन बसली होती, आणि इतकी वर्षं तिनं नवऱ्याला त्याच्या स्वतःच्या नशिबावर विश्वास ठेवू दिला होता. खोटं होतं म्हणून राहिला असेल, शंभर माणसांसमोर मेलेल्या बहिणीवर कुभांड घ्यायला जीभ रेटली नसेल, तर लव्हिना होती तशीच होती. की यातलं काहीच नव्हतं, आणि फक्त त्या माशीनं त्याला हरवलं?

चौथ्या दिवशी ओबेद तुरुंगात गेला. मार्शलनं दार उघडून दिलं आणि मुद्दाम जवळच उभा राहिला. "जरा लांब जा," ओबेद म्हणाला. तो दोन पावलं लांब गेला.

लेम बाकावर बसला होता. दाढी वाढली होती. "सदरा काढून घेतला माझा," तो म्हणाला. "तुरुंगात लाल चालत नाही म्हणे."

"लेम. मला एकच विचारायचंय."

"ठाऊक आहे काय विचारायचंय ते. रविवारपासून तू तेवढंच विचारतोयस, तोंडानं आज."

"ते खरं होतं का?"

लेमनं मान वर केली. त्याची हनुवटी पुढं आली, आणि त्यावरून काहीच कळेना. "मी हो म्हटलं तर म्हणशील, सूड घेतोय. नाही म्हटलं तर म्हणशील, कीव करतोय. माझं कुठलं तरी ऐकणार आहेस का तू?"

ओबेद तसाच उभा राहिला. होय ऐकलं तर आपण घरी जाऊन काय करू, याचा त्यानं विचार केला. नाही ऐकलं तर काय करू, याचाही केला. दोन्ही वेळा तो त्याच स्वयंपाकघरात येऊन बसत होता आणि ती तिथं नव्हती.

खिडकीला काच नव्हती, नुसते गज होते. नदीवरचा वारा थेट आत येत होता.

"पांघरूण पुरतं का?" त्यानं विचारलं.

लेमनं बाकावरची पातळ घोंगडी बघितली. "नाही," तो म्हणाला. "रात्री गार लागतं."

"संध्याकाळी आणून देतो," ओबेद म्हणाला, आणि मार्शलला दार उघडायला सांगितलं.